लघुयादीतील कवींचे थेट ऑनलाइन वाचन कसे आयोजित करावे

एखाद्या काव्यपुरस्काराची लघुयादी, म्हणजे बोलताना आपण जिला शॉर्टलिस्ट म्हणतो ती, जाहीर झाली की निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत यादीतील सर्व कवींचे एकत्र वाचन ठेवण्याची पद्धत अनेक पुरस्कारांनी स्वीकारली आहे. ब्रिटनमधील टी. एस. एलियट पुरस्काराच्या यादीतील १० कवी विजेत्याच्या घोषणेच्या आदल्या संध्याकाळी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाचतात. जानेवारी २०२१ मध्ये साथीमुळे सभागृहे बंद होती, तेव्हा हेच वाचन ऑनलाइन झाले. त्या काळात जे नाइलाजाने करावे लागले, ते आता कमी मनुष्यबळाच्या संयोजकांना आणि वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या कवींना सोयीचे वाटू लागले आहे. तरीही सभागृहातला कार्यक्रम जसाच्या तसा पडद्यावर आणला की झाले, अशा समजुतीने कामाला लागणाऱ्यांचा हमखास घोटाळा होतो.

हे वाचन इतर कविसंमेलनांपेक्षा एका बाबतीत वेगळे असते. येथे सगळे कवी त्या संध्याकाळपुरते एकाच पायरीवर उभे असतात आणि त्यांतला एक उद्या वरच्या पायरीवर जाणार हे सर्वांना ठाऊक असते. सभागृहात ही बरोबरी आपोआप सांभाळली जाते, कारण माइक एकच, प्रकाश एकच आणि श्रोत्यांपासूनचे अंतरही एकच. ऑनलाइन वाचनात मात्र प्रत्येक कवी स्वतःची खोली, स्वतःचा माइक आणि स्वतःचे इंटरनेट घेऊन येतो. एकाचा आवाज रेडिओवरच्या निवेदकासारखा भरीव येतो, तर दुसऱ्याचा विहिरीतून आल्यासारखा; आणि श्रोता नकळत चांगल्या आवाजाला चांगली कविता समजून बसतो. ही गेलेली बरोबरी परत आणणे हे संयोजकाचे पहिले काम आहे, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

वेळ आणि क्रम

आधी वेळेचे गणित मांडावे. यादीत १० कवी असतील आणि प्रत्येकाला ८ मिनिटे दिली, तर नुसत्या वाचनाची ८० मिनिटे होतात. प्रत्येकाच्या परिचयाला एक मिनिट, प्रारंभ आणि समारोप मिळून ५ मिनिटे आणि मध्ये १० मिनिटांचे मध्यंतर धरले तर कार्यक्रम पावणेदोन तासांवर जातो. पडद्यासमोर कविता ऐकणाऱ्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. पाचच कवी असतील तर प्रत्येकी १२ मिनिटे देऊन मध्यंतर गाळता येते. दिलेल्या वेळेत कवीचे प्रास्ताविकही धरलेले आहे, हे त्याला लेखी कळवावे, कारण कविता मोजून आणणारे कवीसुद्धा तिच्यामागची हकीकत मोजायला विसरतात. पानभर लांबीची कविता सावकाश वाचली तर दीड ते दोन मिनिटे घेते. तेव्हा ८ मिनिटांत तीन, फार तर चार कविता बसतात. नामांकन ज्या संग्रहाला मिळाले आहे, त्यातल्याच कविता वाचाव्यात ही अटही आधीच सांगावी.

एकाने ५ मिनिटे जास्त घेतली की त्याची किंमत शेवटच्या कवीला मोजावी लागते, कारण तोवर श्रोते पांगलेले असतात. म्हणून वेळ संपत आल्याची खूण आधी ठरवून ठेवावी. चॅटमध्ये संदेश पाठवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. वाचणाऱ्याची नजर कवितेवर असते आणि असायलाच हवी. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्याने आपल्या कॅमेऱ्यासमोर एक रंगीत पुठ्ठा धरावा, तो कवीला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो.

वाचनाचा क्रम आडनावांच्या अकारविल्हे लावणे सोपे असते. परंतु चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि तो तसा ठरवला हे निवेदकाने सुरुवातीलाच सांगावे, असे माझे मत आहे. तसे न सांगितल्यास पहिला किंवा शेवटचा कोण यावरून निकालाचे अंदाज बांधले जातात. चिठ्ठ्यांना एकच अपवाद करावा: ज्या कवीच्या गावी त्या वेळी मध्यरात्र उलटलेली असेल, त्याला विचारून अगोदर वाचू द्यावे आणि तेही उघडपणे सांगावे.

मध्यरात्रीचा विषय निघालाच आहे, तर वेळेच्या फरकाविषयी एक इशारा देतो. युरोपात घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात, अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत ती दुसऱ्या रविवारी पुढे होतात. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे या दोन खंडांमधला नेहमीचा फरक एका तासाने कमी असतो. निमंत्रणात ‘संध्याकाळी ७ वाजता’ एवढेच न लिहिता यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि प्रत्येक कवीच्या गावची वेळ दोन्ही लिहाव्यात, आणि कवीकडून त्याच्या घड्याळाप्रमाणे होणारी वेळ उलट लिहून मागवावी.

कार्यक्रमाचा मंच

सर्वांना एकाच झूम बैठकीत बोलावणे घरगुती मैफलीसाठी ठीक असते. पुरस्काराच्या वाचनासाठी मात्र कवी, निवेदक आणि तंत्र सांभाळणारे यांची बंद बैठक घ्यावी आणि ती यूट्यूबवर थेट प्रक्षेपित करावी, म्हणजे श्रोते तेथे येतील आणि कोणाच्या उघड्या राहिलेल्या माइकातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येणार नाहीत. झूमच्या मोफत खात्यावरील बैठक ४० मिनिटांनी बंद पडते, म्हणून सशुल्क खाते लागतेच. यूट्यूबच्या वाहिनीवर थेट प्रक्षेपणाची सोय पहिल्यांदा सुरू करताना फोन क्रमांकाची पडताळणी करावी लागते आणि सोय प्रत्यक्ष सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हे लक्षात आले तर पुढे करण्यासारखे काही उरत नाही. आठवडाभर आधी एक लपवलेले चाचणी प्रक्षेपण करून पाहावे.

या रचनेत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे श्रोत्यांचे चेहरे. रिकाम्या पडद्याकडे पाहत कविता वाचणे फार अवघड असते. चांगले चांगले कवी अशा वेळी घाईने वाचू लागतात. यावर उपाय असा की एक कवी वाचत असताना उरलेल्या सर्वांनी कॅमेरे चालू ठेवून ऐकावे. श्रोत्यांच्या पडद्यावर वाचणारा एकटाच दिसेल असे ‘स्पॉटलाइट’ने करता येते, पण वाचणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावर ते नऊ चेहरे दिसत राहतात. टाळ्यांसाठी नऊ माइक एकदम उघडू नयेत, कारण झूम त्या आवाजाला गोंगाट समजून त्याचा चिवडा करते. दोन्ही हात वर करून हलवले तरी दाद पोचते. यूट्यूबवरच्या श्रोत्यांची दाद मात्र काही सेकंद उशिरा येते, तेव्हा निवेदकाने तिची वाट पाहत थांबू नये.

आवाज

चित्र थोडे अंधुक आले तरी कविता तरते. आवाजाचे तसे नाही.

बैठकींसाठी तयार केलेली सॉफ्टवेअरे कामकाजाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहेत. पंखा, रहदारी, कीबोर्डची टकटक असे जे जे सतत किंवा हलके ऐकू येते, ते गोंगाट समजून गाळणे आणि आवाज खाली गेला की तो आपोआप वर चढवणे हे त्यांचे काम असते. कवितेला नेमका याचाच जाच होतो. ओळीच्या शेवटी विरत जाणारा ‘स’ किंवा ‘ह’, श्वासाइतक्या हलक्या सुरात उच्चारलेला शब्द, दोन कडव्यांमधला नि:श्वास हे सगळे गोंगाटाच्या खात्यात जमा होऊन गाळले जाते. आणि मोठ्या विरामानंतरचा पहिला शब्द, यंत्राने दरम्यान आवाज चढवून ठेवलेला असल्यामुळे, दारावर थाप पडावी तसा येतो. कवीने आयुष्यभर साधलेला उतारचढाव अशा रीतीने इस्त्री फिरवल्यासारखा सपाट होतो.

यासाठी झूमच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय आहे. तो आधी सेटिंगमध्ये उपलब्ध करावा लागतो आणि मग बैठकीत आल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून चालू करावा लागतो. पहिली पायरी करून दुसरी विसरणारे अनेक असतात. हा पर्याय चालू असताना गाळणी बंद असते, त्यामुळे प्रतिध्वनी टाळण्यासाठी कवीने हेडफोन लावलाच पाहिजे आणि खोली खरोखर शांत असली पाहिजे. एखाद्या कवीची खोली शांत नसेल, तर त्याच्यापुरती गाळणी कमीत कमी पातळीवर ठेवून काम भागवावे आणि तालमीत ते कानांनी तपासावे.

खोली निवडताना सुंदर दिसणाऱ्या खोलीपेक्षा भरलेली खोली बरी. पुस्तकांची कपाटे, पडदे, गादी, कपडे आवाज शोषून घेतात. मोकळ्या भिंती तो परत फेकतात. माइक तोंडापासून एका वितीवर आणि किंचित बाजूला असावा. तो अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा वारा थेट त्यावर आदळतो आणि श्रोत्याला धप्प असा आवाज येतो. कानात घालायच्या वायरच्या इयरफोनचा माइक वापरत असल्यास तो कॉलरला किंवा दागिन्याला घासणार नाही असा अडकवावा. कागदावरून वाचायचे असेल तर पाने आधीच सुटी करून शेजारी शेजारी मांडावीत. पान उलटण्याचा सभागृहात कोणाच्या लक्षातही न येणारा आवाज माइकपाशी वादळासारखा होतो. इंटरनेटसाठी वायफायऐवजी राउटरपासून थेट केबल जोडावी, आणि ते शक्य नसेल तर राउटरच्याच खोलीत बसावे. घरातल्या इतरांना तेवढा वेळ चित्रपट न पाहण्याची विनंती कवीने स्वतःच करावी.

पुरस्कारामागे संस्था असेल, तर सभागृहाचे वाचलेले भाडे सर्व कवींना एकसारखा साधा यूएसबी माइक पाठवण्यात खर्च करावे. दहाही आवाज एकाच जातीच्या माइकातून आले की अर्धी बरोबरी तेथेच साधते. तेवढी ऐपत नसेल तर निदान सर्वांनी वायरचा इयरफोन वापरावा असे ठरवावे. एकाकडे स्टुडिओचा माइक आणि नऊ जण लॅपटॉपच्या भरवशावर ही स्थिती सर्वांत वाईट.

आता विरामाबद्दल. मी संयोजक असलेल्या एका ऑनलाइन वाचनात एक कवयित्री शेवटच्या ओळीआधी थांबली. तिच्या संग्रहात तेथे दोन ओळींची मोकळी जागा होती आणि ती जागा ती वाचत होती. पाच-सहा सेकंद झाले असतील नसतील, तोच आमचा निवेदक काळजीने म्हणाला, ‘आवाज येतोय का? मला वाटतं, संपर्क तुटलाय.’ तिने मान वर केली, हसली आणि शेवटची ओळ वाचली. पण कविता तोवर संपली होती. चूक निवेदकाची नव्हती, कारण पडद्यावर शांतता आणि बिघाड एकसारखेच दिसतात हे आम्ही कोणीच त्याला सांगितले नव्हते. तेव्हापासून मी दोन गोष्टी आधी ठरवून घेतो. कवी ‘धन्यवाद’ म्हणेपर्यंत कोणीही बोलायचे नाही, आणि संपर्क तुटला की नाही हे निवेदकाने नव्हे, तंत्र सांभाळणाऱ्याने ठरवायचे. त्याला कवीच्या पापण्या हलताना दिसतात की चित्र गोठले आहे, एवढे पाहिले तरी पुरते.

तालीम आणि परिचय

प्रत्येक कवीची १५ मिनिटांची स्वतंत्र तालीम घ्यावी, ती त्याच खुर्चीत आणि दिवसाच्या त्याच प्रहरी, म्हणजे खिडकीतल्या उजेडाचाही अंदाज येतो. तालमीत वाटेल ती कविता न घेता सर्वांत हळू आवाजाची आणि सर्वांत जास्त विरामांची कविता वाचायला सांगावी, ध्वनिमुद्रण करावे आणि ते लगेच कवीला ऐकवावे. दहा सूचनांनी जे होत नाही ते स्वतःचा आवाज एकदा ऐकल्याने होते. कवीची हरकत नसेल तर त्याच बैठकीत त्याचे पूर्ण वाचन मुद्रित करून ठेवावे. ते कशासाठी, हे पुढे येईलच.

निवेदकाने प्रत्येक कवीच्या तोंडून त्याचे नाव आणि संग्रहाचे शीर्षक ऐकून लिहून घ्यावे. परिचय सर्वांचे सारख्याच लांबीचे, साधारण ६० शब्दांचे असावेत. एकाला आधी मिळालेल्या आठ पुरस्कारांची जंत्री आणि दुसऱ्याला ‘हा यांचा पहिलाच संग्रह’ एवढे एकच वाक्य, असे झाले की तराजू तेथेच कलतो; म्हणून मी जुने पुरस्कार परिचयातून सरसकट वगळतो आणि संग्रह, प्रकाशक आणि कवीने स्वतः निवडलेली एक माहिती एवढेच ठेवतो. ‘विलक्षण’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे निवेदकाने त्या दिवशी घरी ठेवून यावे. परीक्षकांपैकी कोणालाही निवेदक करू नये आणि परीक्षकांनी चॅटमध्ये एक अक्षरही लिहू नये.

पडद्यावरचे शब्द आणि अनुवाद

ऐकू न येणाऱ्या श्रोत्यांसाठी शब्दपट्टी आवश्यक आहे. पण यंत्राने आपोआप उमटवलेल्या शब्दपट्टीवर कवितेबाबत विसंबू नये, कारण ते अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द टाकते आणि ओळी कोठे तुटतात हे त्याला कळत नाही. कविता आठवडाभर आधी मागवून घ्याव्यात, ओळींची मांडणी मूळ राखून शब्दपट्टी तयार करावी आणि एका माणसाने ती वाचनाबरोबर पुढे सरकवावी. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर त्यालाही कविता तेवढ्याच आधी लागतात. सर्वच श्रोत्यांना अख्खे पान एकदम दाखवू नये, असे मला वाटते. डोळे कवीच्या पुढे धावतात आणि शेवटची ओळ ऐकायच्या आधीच वाचून होते. एका वेळी दोन-तीन ओळी दाखवणे हा मधला मार्ग आहे.

यादीत अनुवादित संग्रह असेल तर अनुवादकाला पाहुणा न समजता वाचणाऱ्यांपैकी एक समजावे. कॅनडातील ग्रिफिन पुरस्काराच्या नियमानुसार अनुवादित संग्रह जिंकल्यास रकमेचा ६० टक्के वाटा अनुवादकाला आणि ४० टक्के मूळ कवीला जातो. यावरून अनुवादकाचे स्थान काय हे समजावे. दोघांना मिळून वेळ इतरांइतकीच द्यावी. मूळ कविता पूर्ण वाचून झाल्यावर अनुवाद पूर्ण वाचावा. ओळीआड ओळ वाचली की दोन्हींची लय मोडते. मूळ भाषा बहुतेकांना समजत नसेल, तर एकच छोटी कविता मुळात वाचून पुढच्या फक्त अनुवादात वाचाव्यात.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी लेखीच व्हावे. थेट वाचन, त्याचे मुद्रण, ते किती काळ उपलब्ध राहील आणि त्यातले तुकडे प्रसिद्धीसाठी वापरता येतील का, या चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. कवीबरोबर प्रकाशक आणि अनुवादक यांचीही संमती घ्यावी.

प्रत्यक्ष कार्यक्रमाची संध्याकाळ

सर्वांनी ४५ मिनिटे आधी बंद बैठकीत यावे. निवेदक, तंत्र सांभाळणारा, शब्दपट्टी सरकवणारा आणि यूट्यूबवरच्या चॅटवर लक्ष ठेवणारा ही चार वेगळी माणसे असावीत, आणि त्यांचा आपसातला संवाद बैठकीच्या चॅटमध्ये न होता फोनवरच्या वेगळ्या गटात व्हावा. नाहीतर ‘याचे आवरा आता’ हा संदेश कधीतरी सर्वांना दिसतो. तांत्रिक यजमानपद दोन संगणकांवर, दोन वेगळ्या इंटरनेट जोडण्यांवर ठेवावे, म्हणजे एक बंद पडला तरी बैठक चालू राहते.

एखादा कवी मध्येच तुटला तर एक मिनिट थांबून पुढच्या कवीला बोलवावे आणि तो परत आल्यावर त्याची कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा घ्यावी. कापलेल्या वेळेचा हिशेब न करता त्याला पूर्ण ८ मिनिटे द्यावीत. तो परत येऊच शकला नाही, तरच तालमीतले मुद्रण लावावे आणि हे मुद्रित वाचन आहे असे स्पष्ट सांगावे.

यूट्यूबच्या चॅटवर संदेशांची गती मर्यादित ठेवता येते, ती ठेवावी. कोण जिंकेल यावर पैजा, मतदान, तुलना सुरू झाली की चॅट सांभाळणाऱ्याने ती शांतपणे काढून टाकावी. प्रश्नोत्तरे ठेवायचीच असतील तर सर्वांना एकच प्रश्न विचारावा, आणि मला विचाराल तर ठेवूच नयेत. नऊ कवितावाचनांनंतर दहाव्याला ‘तुमची प्रेरणा कोणती’ असे विचारण्यात कोणाचेच भले नाही.

कार्यक्रम संपल्यावर यूट्यूबवर सलग मुद्रण आपोआप राहते. त्यातून प्रत्येक कवीची स्वतंत्र चित्रफीत करावी, सर्वांच्या आवाजाची पातळी एकसारखी करून घ्यावी, मुखचित्र एकाच धाटणीचे ठेवावे आणि सर्व चित्रफिती एकाच वेळी प्रसिद्ध कराव्यात. वर्णनात संग्रहाचे नाव, प्रकाशक आणि वाचलेल्या कवितांची शीर्षके द्यावीत. विजेत्याचे नाव जाहीर झाल्यानंतर त्याची चित्रफीत यादीच्या डोक्यावर नेण्याचा मोह होतो. तसे न करता चिठ्ठ्यांनी ठरलेला क्रम तसाच ठेवावा आणि विजेत्याच्या वर्णनात एक ओळ वाढवावी.